जनुकांचा कागद कोणाच्या हाती?

(छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे जागतिक एड्स दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एचआयव्हीचा विषाणू शरीरात शिरल्यानंतर एक माणूस दोन-तीन वर्षांत खंगून जातो, तर दुसरा कित्येक वर्षे औषधावाचून धडधाकट राहतो, ही गोष्ट या रोगाच्या पहिल्या दशकातच डॉक्टरांच्या ध्यानात आली होती. उपचार न मिळाल्यास संसर्गापासून एड्सच्या अवस्थेपर्यंत पोहोचण्यास सरासरीने दहा वर्षे लागतात. पण सरासरी हा केवळ मधला बिंदू असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हाडामांसाची माणसे विखुरलेली असतात. हा फरक का पडतो, याचे एक उत्तर गेल्या तीस वर्षांत जनुकशास्त्राने दिले आहे. ते उत्तर खरे आहे. मात्र त्या उत्तराचा समाजात कोण कशासाठी वापर करणार, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नव्हे.

मी वैद्यकाचा माणूस नाही. माझे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले. यास्तव वैद्यकातील मान्यता पावलेल्या चार गोष्टी थोडक्यात सांगून मी माझ्या विषयाकडे वळणार आहे. माझे प्रतिपादन आरंभीच मांडतो. रोगाची गती ठरविण्यात जनुकांचा वाटा आहे, परंतु आपल्या देशात ती गती मुख्यतः औषधाची किंमत, उपचारातील सातत्य आणि समाजाची वागणूक यांनी ठरविली. म्हणून जनुकीय चाचणीचा अहवाल रुग्ण आणि त्याचा डॉक्टर यांच्यापुरताच राहिला पाहिजे. कारखान्याच्या मालकाच्या अथवा विमा कंपनीच्या टेबलावर तो कागद जाता कामा नये.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. हा विषाणू आपल्या रक्तातील सीडी-४ नावाच्या पेशींत शिरतो. शिरताना त्याला त्या पेशींवरील आणखी एका प्रथिनाचा आधार घ्यावा लागतो आणि बहुतेक वेळा ते प्रथिन सीसीआर५ हे असते. १९९६ साली असे आढळले की, काही माणसांच्या सीसीआर५ जनुकातील ३२ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. आई आणि वडील अशा दोघांकडूनही हे खंडित जनुक ज्याला मिळाले, त्याला नेहमीच्या प्रकारच्या विषाणूची बाधा सहसा होत नाही. एकाच बाजूने मिळाले तर बाधा होते, पण रोगाची वाटचाल सरासरीने सुमारे दोन वर्षे लांबते. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात एकाजवळ याची दुहेरी प्रत असते आणि सुमारे दहा जणांजवळ एकेरी. भारतात मात्र हे खंडित जनुक फारच विरळा आढळते.

दुसरी गोष्ट एचएलए या जनुकसमूहाची. पेशीत शिरलेल्या शत्रूचे तुकडे पृष्ठभागावर आणून प्रतिकारयंत्रणेला दाखविणे, हे या जनुकांपासून तयार होणाऱ्या प्रथिनांचे काम. एचएलए-बी ५७ आणि बी २७ हे प्रकार ज्यांच्याजवळ असतात त्यांच्यात रोग सामान्यतः सावकाश वाढतो, तर बी ३५ च्या काही प्रकारांत तो वेगाने वाढतो. पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतही, औषधावाचून दीर्घकाळ निरोगी राहणाऱ्या माणसांचा अभ्यास झाला आहे. हे संशोधन मोलाचे आहे आणि त्याला माझा यत्किंचितही विरोध नाही. अशाच संशोधनातून नवी औषधे निघतात.

पण या ज्ञानाची मर्यादाही शास्त्रज्ञांनीच सांगून ठेविली आहे. २००७ साली संपूर्ण जनुकसंचाची छाननी करणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. संसर्गानंतर रक्तातील विषाणूंचे प्रमाण एका पातळीवर स्थिरावते आणि ती पातळी माणसामाणसांत निरनिराळी असते. या फरकाचा जेमतेम १५ टक्के भाग त्या अभ्यासात सापडलेल्या दोन जनुकीय भेदांनी उलगडला. उरलेल्या भागात विषाणूचा प्रकार आहे, वय आहे, सोबतचे रोग आहेत आणि ज्याचा हिशेब कोणालाच लागलेला नाही असेही बरेच आहे. शिवाय हा अभ्यास युरोपीय वंशाच्या रुग्णांचा होता. त्यांच्यात प्रामुख्याने विषाणूचा ‘बी’ उपप्रकार आढळतो, आपल्याकडे ‘सी’. तात्पर्य, युरोपातील आकडेवारीवर बेतलेला जनुकीय अहवाल जालन्याच्या एखाद्या ऊसतोड मजुराच्या हाती ठेवून त्याला आयुष्याची मुदत सांगणे, हे शास्त्राच्या वेशातले ज्योतिष होय.

जनुकीय चाचणी निरुपयोगी आहे, असा मात्र याचा अर्थ करू नये. अबाकावीर नावाचे एक औषध बी ५७:०१ हा प्रकार असलेल्यांपैकी अनेकांना सोसत नाही. त्याची प्रतिक्रिया कधी जिवावर बेतते. औषध देण्यापूर्वी या जनुकाची चाचणी केल्यास हा धोका टळतो, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले. त्याचप्रमाणे विषाणूच्या जनुकांची तपासणी करून तो कोणत्या औषधाला दाद देईनासा झाला आहे हे कळू शकते. या दोन्ही चाचण्यांनी रुग्णाला कोणते औषध द्यावे आणि कोणते टाळावे हे कळते. कोणता रुग्ण किती दिवस जगेल याचे भाकीत त्यांतून निघत नाही. या दोन प्रकारच्या चाचण्यांमधील भेद आपण नीट ध्यानात ठेवला पाहिजे.

आता रोगाच्या गतीकडे अर्थशास्त्राच्या बाजूने पाहू. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिल्या एचआयव्हीबाधितांचे निदान केले. (सुनीतीबाई मूळच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या.) पुढे १९९६ मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि श्रीमंत देशांतील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. त्या उपचाराचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर होता. म्हणजे १९९६ पासून पुढची काही वर्षे परिस्थिती अशी होती की, हाच रोग न्यूयॉर्कमध्ये आटोक्यात राहत होता आणि सांगलीत, मुंबईत, मराठवाड्यात माणसे मारीत होता. या फरकाचे जनुक कोणत्या पेशीत शोधावयाचे?

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी ही तिन्ही औषधे वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात, एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवासंस्थेला देऊ केली. हे शक्य झाले ते केवळ एका कंपनीच्या औदार्यामुळे नव्हे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषध या वस्तूवर मक्तेदारी मान्य केली नव्हती, फक्त ती बनविण्याच्या पद्धतीवर केली होती. त्यामुळे आपल्या रसायनशास्त्रज्ञांना दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनविण्याची मुभा राहिली. संसदेने केलेल्या त्या एका कायद्याने जगभरच्या लक्षावधी गरीब रुग्णांच्या रोगाची गती मंदावली. सीसीआर५ च्या खंडित जनुकाने सरासरी दोन वर्षे लाभतात. नियमित औषधाने, वेळेवर सुरुवात झाल्यास, जवळपास इतरांइतके आयुष्य लाभते. कोणता घटक मोठा हे सांगण्यास प्राध्यापकाची गरज नाही.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधोपचार सुरू केला. आरंभी सीडी-४ पेशींची संख्या २०० च्या खाली गेल्यावरच औषध मिळे. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वर नेली गेली आणि २०१७ पासून निदान होताच उपचार हे धोरण स्वीकारले गेले. म्हणजे माणसाचा रोग कोठपर्यंत वाढू द्यावयाचा, हेसुद्धा काही वर्षे सरकारी परिपत्रक ठरवीत होते. ते बदलले म्हणून रोगाची गती बदलली. २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधित होते आणि त्यांपैकी जवळजवळ ४ लाख एकट्या महाराष्ट्रात, सर्व राज्यांत सर्वाधिक. या लोकांना रोज गोळी हवी आहे. जुलै २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे बाधित रुग्णांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयासमोर धरणे धरावे लागले. औषधात खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, आणि औषधाला न जुमानणारा होऊन परतण्याचा धोकाही असतो. अशा वेळी रुग्णाची जनुके तपासून त्याच्या रोगाची गती सांगू पाहणे म्हणजे विहीर कोरडी पडली असता दोराची लांबी मोजत बसणे होय.

आणि सातत्य हे रुग्णाच्या निश्चयावरच अवलंबून असते असेही नाही. आपल्याच विभागाचे उदाहरण घ्या. बीड-जालन्याचा कोयता दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातो आणि चार-पाच महिने फडातच राहतो. वाळूजच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार औषध आणण्यासाठी घाटी रुग्णालयात गेला तर त्याचा दिवसाचा रोजगार बुडतो, आणि कशासाठी गेलो हे सांगितले तर कदाचित कामही जाते. भारतात एचआयव्हीबाधितांना सर्वाधिक गाठणारा जोडरोग क्षय हा आहे, आणि क्षयाचे नाते अपुऱ्या अन्नाशी व कोंदट खोल्यांशी किती निकटचे आहे, हे शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. रोगाची गती ही अशी घरात, फडात आणि कारखान्याच्या दाराशी घडत असते.

येथवर जनुकांचा वाटा किती याचा विचार झाला. आता कागद कोणाच्या हाती पडतो, या प्रश्नाकडे येतो. चाचणी ही नेहमीच रुग्णाच्या कामी येते असे नाही, हे आपल्या शेजारच्या गोव्याने फार पूर्वी दाखवून दिले. म्हापशाचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करीत असे. त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला, आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला नेऊन क्षयरुग्णांच्या एका जुन्या इमारतीत कोंडले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्याचा अपराध एवढाच, की त्याने रक्त दिले होते. ६४ दिवस तो तेथे एकटा होता. त्याची आई न्यायालयात गेली, तेव्हा त्याची सुटका झाली, पण त्या तरतुदीला न्यायालयाने बेकायदा ठरविले नाही. डॉमिनिकने पुढे बाधितांसाठी संघटना उभी केली आणि १९९२ साली तो वारला. त्या वेळी त्याला देण्याजोगा परिणामकारक उपचार कोणापाशीही नव्हता. चाचणी होती, उपचार नव्हता आणि संरक्षणही नव्हते. अशा स्थितीत चाचणीचा कागद हा अटकेचा हुकूम ठरला.

दुसरे उदाहरण मुंबईचे. एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी काम करणारा मजूर वैद्यकीय तपासणीत कामास तंदुरुस्त ठरला, परंतु एचआयव्हीबाधित आढळला. एवढ्यावरून त्याचे नाव यादीतून कमी करण्यात आले. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने, त्याची ओळख गुप्त ठेवून, त्याच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालातील विचार आजच्या विषयाला अगदी नेमका लागू पडतो. माणूस आज ते काम करू शकतो का, दुसऱ्यांना धोका न पोहोचविता करू शकतो का, एवढेच मालकाने पाहावे. तो निवृत्तीच्या वयापर्यंत टिकेल याची हमी मिळाल्याशिवाय कामावर घेणार नाही, अशी निष्ठुर भूमिका शासनाला किंवा सार्वजनिक उपक्रमाला घेता येणार नाही, असा तो विचार होता. भविष्यातील आजार हा वर्तमानातील रोजगार हिरावण्याचा आधार होऊ शकत नाही, हे तत्त्व न्यायालयाने एका मजुराच्या निमित्ताने सांगितले. रोगाच्या गतीचे भाकीत करणारी जनुकीय चाचणी मालकाच्या हाती देणे म्हणजे हेच तत्त्व मागील दाराने मोडणे होय.

येथे विमा कंपन्यांचा युक्तिवाद पुढे येतो, आणि तो तपासल्याखेरीज माझे म्हणणे पुरे होणार नाही. ते म्हणतात, ज्याला स्वतःची जोखीम मोठी असल्याचे ठाऊक आहे तो मोठा विमा उतरवील आणि आमच्यापासून माहिती लपवील. मग हप्ते वाढतील, निरोगी माणसे विमा सोडतील आणि धंदा बुडेल. या युक्तिवादात तथ्य आहे. बाजारातील एका पक्षाला अधिक माहिती असली की बाजार कसा कोसळतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली दाखविले. पण दुसऱ्याच वर्षी जॅक हर्शलायफर या अर्थशास्त्रज्ञाने याच नाण्याची दुसरी बाजू दाखविली. विमा उतरविण्याच्या आधीच सर्वांना सर्व काही कळले, तर विमा नावाची गोष्टच उरत नाही.

आपल्या परिचयाचा दाखला देतो. गावातील दहा शेतकऱ्यांनी ठरविले की, उन्हाळ्यात ज्याची विहीर आटेल त्याला बाकीच्यांनी पाणी द्यावे. कोणाची आटणार हे कोणालाच माहीत नाही, म्हणून सगळे खुशीने सामील होतात. आता कोणी भूगर्भाचा जाणकार येऊन आधीच सांगून गेला की, अमक्या तीन विहिरी आटणार. त्या क्षणी उरलेले सात जण करारातून बाहेर पडतील. जाणकाराच्या माहितीने एक थेंबही पाणी वाढले नाही, फक्त तिघांना वाऱ्यावर सोडण्याची सोय झाली. अनिश्चितता सर्वांनी मिळून वाटून घेणे हा विम्याचा आत्मा आहे. जनुकीय छाननीने माणसांची आधीच प्रतवारी लावली, तर ज्याला आधाराची सर्वाधिक गरज आहे तोच प्रथम बाहेर फेकला जाईल.

मग या दोन्ही युक्तिवादांतून मार्ग कोणता? मार्ग असा की, ज्या व्यवस्थेतून कोणालाही बाहेर पडता येत नाही आणि कोणालाही बाहेर काढता येत नाही, अशी सार्वत्रिक, करांतून चालणारी आरोग्यव्यवस्था असावी. तेथे माहिती लपविण्याचे कारण राहत नाही आणि ती हुडकण्याचेही राहत नाही. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे भोर समितीने १९४६ सालीच लिहून ठेविले होते. जनुकशास्त्राच्या प्रगतीने ती शिफारस जुनी झालेली नाही, उलट तिची निकड वाढली आहे.

आता कायद्याची स्थिती पाहू. एचआयव्हीबाधितांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१७ साली केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. नोकरी, शिक्षण, उपचार, निवास यांत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली, संमतीविना चाचणीस मनाई केली, माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले. हा कायदा चळवळीचे यश आहे, यात शंका नाही. पण त्यात तीन भोके आहेत. पहिले, विमा नाकारण्यास मनाई करताना विमागणिताच्या अभ्यासाचा आधार असल्यास सूट ठेविली आहे. उद्या जनुकीय अहवालांच्या राशीवर बसून असा अभ्यास सादर करणे कोणत्याही मोठ्या कंपनीस अवघड नाही. दुसरे, उपचार पुरविण्याची सरकारची जबाबदारी सांगताना ‘शक्य तितक्या प्रमाणात’ अशा अर्थाचे शब्द घातले आहेत. ज्या औषधात एक महिन्याचा खंड चालत नाही, त्याबाबत शक्याशक्यतेची भाषा शोभत नाही. तिसरे, तक्रार अधिकारी नेमण्याचे बंधन शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांवर आहे, रुग्णालयांच्या बाबतीत वीस. आपल्या चिकलठाण्यातील लहान वर्कशॉपांतला आणि ठेकेदाराच्या हजेरीवरचा कामगार दाद कोणाकडे मागणार?

जनुकांच्या आधारे होणाऱ्या भेदभावाविरुद्ध तर आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नाही. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्यविम्यातील असा भेदभाव घटनाबाह्य ठरविला, पण तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. अमेरिकेने २००८ साली कायदा केला, तोही आयुर्विम्यास लागू नाही. आणि थुंकीचा नमुना पाठवून घरबसल्या जनुके तपासून देणारी तेथील एक प्रसिद्ध कंपनी, ट्वेंटीथ्री अँड मी, मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा सुमारे दीड कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती ही विक्रीस निघालेली मालमत्ता ठरली. आपण विश्वासाने दिलेला कागद कोणाच्या हाती जाईल हे देणाऱ्याला ठाऊक नसते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

काही मित्र विचारतील, माणसाला स्वतःच्या शरीराविषयी जाणून घेण्याचा अधिकार नाही काय? अवश्य आहे, आणि न जाणण्याचाही आहे. परंतु कंत्राटी कामगारापुढे नोकरीच्या अर्जासोबत संमतिपत्र सरकविले जाते, तेव्हा त्याच्या सहीला संमती म्हणणे ही भाषेची विटंबना आहे. शिवाय जनुके ही एकट्याची नसतात. एकाचा अहवाल हा त्याच्या भावाचा, बहिणीचा, मुलांचाही अहवाल असतो. सोयरीक जुळविताना पत्रिका मागणाऱ्या आपल्या समाजात या अहवालाची नवी पत्रिका व्हायला वेळ लागणार नाही, आणि तिचा पहिला फटका, नेहमीप्रमाणे, मुलींना बसेल.

यास्तव आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. रुग्णाला उपयोगी पडणाऱ्या चाचण्या, म्हणजे विषाणूंचे प्रमाण, औषधांना होणारा विरोध आणि आवश्यक तेथे औषधपूर्व जनुकीय चाचणी, या सरकारी केंद्रांत मोफत आणि वेळेवर मिळाव्यात. औषधांचा पुरवठा हे सरकारवरचे बिनशर्त कायदेशीर बंधन असावे. नोकरी आणि विमा यांसाठी जनुकीय माहिती मागण्यास, विकत घेण्यास आणि वापरण्यास कायद्याने बंदी असावी, आणि विमागणिताची सूट काढून टाकावी. लहान आस्थापनांतील व कंत्राटी कामगारांसाठी जिल्हा पातळीवर तक्रार अधिकारी असावा. स्थलांतर करणाऱ्या मजुराला तो जेथे जाईल तेथल्या केंद्रावर बिनतक्रार औषध मिळावे. या मागण्या कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घातल्या पाहिजेत, कारण आज एचआयव्हीबाधिताच्या बाबतीत जे घडते, तेच उद्या मधुमेहाची, हृदयरोगाची, कर्करोगाची जनुके बाळगणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या बाबतीत घडू शकेल.

कोणाला कोणती जनुके मिळावीत हे कोणाच्याच हाती नसते. औषधाचा दर किती असावा, रजेचा पगार कापावा की नाही, विम्याच्या अर्जात कोणते प्रश्न विचारू द्यावेत, हे मात्र कायदे ठरवितात आणि कायदे आपण निवडून दिलेली माणसे करतात. रोगाच्या गतीचा हा मोठा हिस्सा आपल्या हाती आहे. तो हाती घेण्याचे काम संघटनेचे आहे, आणि ते आपल्याच जिल्ह्यातील कारखान्यांपासून आणि फडांपासून सुरू व्हावे, अशी विनंती करून मी थांबतो.